लिंबूटिंबू

आई-बाबांनो, आज जरा आपल्यातलं बोलू या.

आमच्या गल्लीत संध्याकाळी लगोरी, लपंडाव, डबा ऐसपैस सगळं चालतं. माझ्या लेकीला जन्मापासून दिसत नाही. पोरं मनाने चांगली, तिला कधी हाकललं नाही. "तू पण ये, तू लिंबूटिंबू हं!" म्हणायची. म्हणजे तिच्यावर राज्य येणार नाही, ती बादही होणार नाही. मला केवढं बरं वाटायचं! मग एका रात्री अंथरुणात पडल्या पडल्या तिने विचारलं, "आई, माझ्यावर राज्य कधी येणार?"

त्या प्रश्नाचं उत्तर मला एका टेबलावर सापडलं. खेळाचं नाव शोडाउन. कॅनडातल्या जो लुईस यांनी तो तयार केला. ते स्वतः पूर्ण अंध होते. अंध माणसाला डोळस माणसाच्या मदतीशिवाय खेळता यावं, एवढंच त्यांना हवं होतं. पॅट्रिक यॉर्क हे तिथलेच दुसरे अंध खेळाडू, त्यांनी खेळून खेळून नियम पक्के करायला हात लावला. 1980 साली नेदरलँड्समध्ये आर्नहेमला अपंगांच्या ऑलिंपिक स्पर्धा झाल्या, तिथे तो जगापुढे आला.

टेबल चांगलं बारा फूट लांब आणि चार फूट रुंद, चारही बाजूंनी कठडा. दोन्ही टोकांना गोल. मधोमध एक आडवी फळी, तिच्या खालून चेंडू पलीकडे सरकवायचा. चेंडू पोकळ, आत धातूचे बारीक छर्रे, त्यामुळे तो घरंगळला की खुळखुळतो. हातात लांबट बॅट, बोटं वाचवायला ग्लोव्ह. गोल झाला की दोन गुण. चेंडू फळीवर आदळला किंवा टेबलाबाहेर उडाला, तर समोरच्याला एक. अकरा गुणांचा डाव, पण दोनाची आघाडी हवीच.

आणि सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी. अजिबात दिसत नाही त्याच्या, अंधुक दिसतं त्याच्याही. गंमत म्हणून डोळस मूल खेळायला आलं, तर त्यानेही बांधायची. बघणाऱ्यांनी तोंडातून चकार शब्द काढायचा नाही. चेंडू फिरतोय तोवर टाळी नाही, "अगं डावीकडे!" नाही. ही शेवटची अट खरं तर आपल्यासाठीच आहे. जन्मभर आपण डावीकडे, उजवीकडे, जपून म्हणतच असतो.

बुद्धिबळाचंही असंच आहे. अंधांच्या पटावर काळी घरं उंच असतात, मोहरे भोकांत खोचलेले असतात. हाताने सगळा पट चाचपायची मुभा असते. मोहरा भोकातून उपसला, की मगच तो 'शिवला' असं धरतात आणि मग तोच खेळावा लागतो. चाचपणं हे त्या खेळाडूचं बघणं आहे, म्हणून नियम तेवढा वळवला. खेळ सोपा केला नाही. एवढं कळलं की मुलाला कुठे मदत करायची आणि कुठे हात मागे घ्यायचा, ते आपोआप उमगतं.

शोडाउनचं टेबल कुठून आणायचं, म्हणून अडून बसू नका. आम्ही जेवणाच्या टेबलाला कडेने लाकडी पट्ट्या ठोकल्या. दोन विटांवर पुठ्ठा आडवा टाकला. प्लॅस्टिकच्या चेंडूला चीर देऊन सायकलच्या बेअरिंगमधले छर्रे आत घातले आणि चीर चिकटवली. बॅट म्हणून कपडे धुवायची दोन धोपाटणी. माझ्या धाकट्या मुलाच्या डोळ्यांवर माझी ओढणी. टीव्ही बंद, पंखा बंद. कुकरची शिट्टी झाली तर तेवढा गुण पुन्हा खेळायचा, हा आमचा घरचा नियम.

पहिल्याच रविवारी लेक हरली, अकरा-चार. पुठ्ठ्यावरच जास्त मारत होती. माझ्या तोंडावर आलं होतं, "अरे, तिला एखादा गोल करू दे ना." नाही बोलले. तुम्हीही बोलू नका. आपल्या मुलांचे कान आपल्यापेक्षा तयार असतात. समोरच्याने मुद्दाम हात आखडला तर चेंडूच्या आवाजावरून त्यांना ते लगेच कळतं. मग जिंकणं पुन्हा लिंबूटिंबूचंच होऊन जातं.

तिसऱ्या रविवारी धाकट्याचा फटका सरळ तिच्या बोटांवर बसला. आमच्याकडे ग्लोव्ह कुठला! ती कळवळली. आजी देवघरातून धावत आली, "पुरे झाला तो खेळ" म्हणून धोपाटणं ओढू लागली. मीही उठले होते.

तिने धोपाटणं सोडलं नाही. दुसऱ्या हाताने टेबलाची कड चाचपत जागेवर आली, नाक ओढलं आणि म्हणाली, "दोन सर्व्हिस असतात ना? माझी एकच झालीय."