पिल्लांचे पहिले दहा दिवस: खाद्य तपासायचे कसे, घालायचे कसे

उद्या-परवा ब्रॉयलरची पिल्ले येणार ना? मग आजच बाह्या सावरा. इथे 200 पिल्लांचा हिशेब धरला आहे. तुमची कमी-जास्त असतील तर त्या प्रमाणात बदला.

1. प्री-स्टार्टरचे 50 किलोचे एक पोते सांगा. पहिल्या आठवड्यात पिल्लू साधारण 150 ते 160 ग्रॅम खाते. म्हणजे या एका पोत्यात दहावा दिवस निघतो. खाद्य क्रम्ब्सचे, म्हणजे बारीक दाण्याचे घ्या. दुकानदाराने लेअरचे खाद्य पुढे केले तर सरळ परत करा. त्यातले जादा कॅल्शियम पिल्लांची मूत्रपिंडे बिघडवते.

2. लेबल वाचा. प्रथिने 23 टक्क्यांच्या आसपास हवीत, ओलावा 11 टक्क्यांच्या आत. मग तयार केल्याची तारीख बघा. तारीख खोडलेली किंवा वर दुसरी चिकटवलेली दिसली तर ते पोते नकोच.

3. शिवण उसवून तीन मुठी काढा. एक वरून, एक मधून, एक तळातून. फक्त वरची मूठ बघून फसू नका. ओल लागते ती तळाला.

4. वास घ्या. मका-सोयाचा कोरडा, पिठूळ वास आला की झाले. कुबट किंवा खवट वास आला तर पोते परत. उन्हात वाळवून वापरायचा मोह होईल, पण बुरशीचे विष उन्हाने जात नाही.

5. मूठ घट्ट आवळून सोडा. दाणे मोकळे झाले पाहिजेत. ढेकूळ तसेच राहिले, किंवा दाण्यांना कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले, तर आत ओल किंवा किडे आहेत.

6. अर्धा किलो खाद्य रव्याच्या चाळणीतून चाळा. खाली पडलेली पूड तोला. 50 ग्रॅमपर्यंत असेल तर चालवून घ्या, त्याहून जास्त असेल तर दुकानदाराशी बोला. पिल्ले दाणा टिपतात आणि पूड ट्रेच्या कोपऱ्यात तशीच राहते. पैसे मात्र दोन्हीचे मोजलेले असतात.

7. ओंजळभर खाद्य कोरड्या, झाकणाच्या डब्यात वेगळे ठेवा. पोत्याचे लेबलही त्याच डब्यात. पक्षी विकले जाईपर्यंत डबा उघडू नका. मध्येच काही बिघडले, तर डॉक्टर आधी हेच मागतील.

8. पोते लाकडी फळीवर ठेवा. भिंतीपासून फूटभर लांब. पावसाळ्यात वर पत्रा गळतो का तेही बघा. फवारणीची औषधे त्या खोलीत अजिबात नकोत.

9. ब्रूडर सुरू करा. पिल्ले यायच्या आधी तुसाची गादी उबदार झालेली हवी. गारठलेले पिल्लू खाद्याकडे ढुंकूनही बघत नाही, ते कोपऱ्यात गोळा होऊन बसते.

10. तुसावर वर्तमानपत्रे अंथरा. चिकगार्डच्या, म्हणजे पिल्लांभोवतीच्या कड्याच्या, आतली निम्मी जागा तरी झाकली पाहिजे. गुळगुळीत, चकचकीत कागद घेऊ नका, त्यावर पाय फाकतात.

11. चार ड्रिंकर भरा. गूळपाणी द्यायचे तर पहिले काही तासच. नंतर ते ओतून, ड्रिंकर धुऊन साधे पाणी भरा. गोड पाणी आंबले की हगवण ठरलेली.

12. दोन किलो खाद्य घाला. निम्मे कागदावर भुरभुरा, निम्मे चार ट्रेमध्ये. ट्रे नेमका दिव्याखाली ठेवू नका.

13. खोक्यातली 20 पिल्ले एकत्र तोला. वीसने भागून सरासरी भिंतीवर लिहा. बहुतेक 40 ते 45 ग्रॅम येईल. हा आकडा आठवडाभराने लागणार आहे, तेव्हा खडूऐवजी पेनने लिहा.

14. पिल्ले पाण्याजवळ सोडा. चार-सहा पिल्लांची चोच हलकेच पाण्यात टेकवा, बाकीची बघून शिकतात. मक्याचा भरडा पहिला दिवसभर द्यायची पद्धत अजून खूप ठिकाणी आहे. मला ती पटत नाही. भरड्यात प्रथिने जेमतेम नऊ टक्के, आणि पिल्लाला हवीत 23. पहिला घास प्री-स्टार्टरचाच द्या.

15. आठ तासांनी 30 पिल्लांचे गळे चाचपा. ही पायरी अजिबात गाळू नका. चारही बाजूंची पिल्ले उचला. पिल्लू तळहातावर घ्या, मानेच्या मुळाशी, छातीच्या जरा वर, उजव्या अंगाला अंगठा आणि बोट अलगद टेकवा. तिथे अन्नाची पिशवी लागते. ती मुरलेल्या लापशीसारखी मऊ लागली तर पिल्लू खाऊन-पिऊन आहे. टणक, दाणेदार लागली तर पाणी मिळालेले नाही: ड्रिंकर जवळ आणा. नुसती पाण्याने डुचमळली तर खाद्य सापडलेले नाही: कागदावर आणखी भुरभुरा. रिकामी लागली तर आधी ऊब तपासा. तिसातली 24 तरी भरलेली हवीत. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पुन्हा बघा, तेव्हा 28च्या खाली चालणार नाही. दाबू मात्र नका, नुसता स्पर्श पुरे.

16. दिवसातून पाच-सहा वेळा थोडे थोडे खाद्य घाला. ट्रे एक तृतीयांशच भरा. घालण्याआधी तूस आणि विष्ठा झटकून टाका. ओले झालेले खाद्य नव्यात मिसळू नका.

17. तिसऱ्या दिवशी कागद काढा. तोवर तो ओला, घाण झालेला असतो. हळूहळू, एका कडेने गुंडाळा, खाली पिल्ले अडकतात.

18. पाचव्या दिवसापासून फीडर लावा. काठ पिल्लाच्या पाठीच्या उंचीला ठेवा. खाली राहिला तर पिल्ले आत चढून खाद्य उकरतात. ट्रे एकदम उचलू नका, रोज एक-एक कमी करा.

19. सातव्या दिवशी 20 पिल्ले पुन्हा तोला. भिंतीवरच्या आकड्याच्या चौपट भरली पाहिजेत, म्हणजे 160 ते 180 ग्रॅम. कमी भरली तर खाद्याला दोष देण्याआधी रात्रीची ऊब आणि ड्रिंकरची संख्या बघा, बहुतेक वेळा चूक तिथेच निघते.

20. आठव्या दिवशी स्टार्टर मिसळायला घ्या. आठव्या दिवशी तीन भाग प्री-स्टार्टर, एक भाग स्टार्टर. नवव्या दिवशी निम्मे-निम्मे. दहाव्या दिवशी एकास तीन. एका रात्रीत बदललेत तर पातळ विष्ठा होऊन तूस ओले होईल.

21. स्टार्टरच्या लेबलावरची औषधे वाचून ठेवा. कॉक्सिडिओस्टॅट, म्हणजे कॉक्सिडिओसिसवरचे औषध, आधीच घातलेले असेल तर पाण्यातून दुसरे कुठलेही औषध देण्यापूर्वी ते लेबल पशुवैद्यकांना दाखवा. काही औषधे एकत्र आली की पक्षी दगावतात.

अकराव्या दिवसापासून निव्वळ स्टार्टर. फिनिशरचे पोते तीन आठवडे भरत आले की सांगा. आल्यावर त्याचीही शिवण उसवून तिसऱ्या पायरीपासून तपासणी करा.