गोणी : प्रवासाचे एक जुने साधन

आगगाडी येण्यापूर्वी मनुष्य आपले ओझे कसे वाहत असे, याची साक्ष भाषाच देते. डोक्यावर चुंबळ, खांद्यावर पडशी किंवा कावड, घोड्यावर खोगीर व खुर्जी, पाण्यासाठी पखाल. प्रत्येक शब्दामागे एक साधन उभे आहे.

या साधनांत आपल्या बऱ्हाणपुराशी निकटचा संबंध गोणीचा. सुरतेहून आग्र्यास जाणारा जुना मार्ग या शहरावरून जाई आणि पुढे अशीरगडाजवळ सातपुडा ओलांडी. गाडीचे चाक जेथे अडे, तेथे लादलेला बैल जाई. म्हणून बंजारे बैलाच्या पाठीवरच माल लादीत. जाड विणीची गोणी पाठीवर आडवी टाकली म्हणजे तिचे दोन भाग दोन्ही कुशींवर लोंबत. दोहोंकडचा भार समान ठेवावा लागे. नाहीतर गोणी घसरे व बैलाची पाठ सोलवटे.

सतराव्या शतकातील फ्रेंच प्रवासी ताव्हर्निए याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे वर्णिले आहेत. एका बैलावर सुमारे दीडशे किलो भार असे. बैल वाटेतच चरत. त्यामुळे चाल मंद, पण वाहतूक स्वस्त पडे. मुक्कामी गोण्या रचून तांड्याभोवती तटबंदीही करीत. उत्तर अमेरिकेच्या अरण्यांत मात्र हेच काम मनुष्यास करावे लागले. केसाळ कातड्यांचा व्यापार करणाऱ्यांचे नावाडी नव्वद पौंडांचे एकेक गाठोडे, कपाळावरून घेतलेल्या चामडी पट्ट्याच्या आधाराने पाठीवर वाहत.

परंतु गोणी कोणाच्या दारी उतरे, हा प्रश्न जिवामरणाचा होता. १६३० ते १६३२ च्या भीषण दुष्काळात गुजरात व दख्खन अन्नावाचून तडफडत होते. त्याच वेळी शाहजहानचा तळ बऱ्हाणपुरात होता आणि माळव्याचे धान्य प्रथम त्या लष्कराकडे जाई. बैल होते, गोण्या होत्या, धान्यही होते. पण भुकेलेल्या रयतेपर्यंत ते पुरेसे पोहोचले नाही.

१८७० मध्ये मुंबई-कलकत्ता लोहमार्ग याच बाजूने पूर्ण झाला. पुढे तांड्यांचा व्यापार मोडला व असंख्य बंजाऱ्यांची उपजीविका गेली. गोणी मात्र राहिली. आमची घरची बोली कोंकणी; तीतही हा शब्द आहे, आणि इंग्रजीतील 'गनी' हाही त्याचाच अवतार. बाजारात धान्याची गोणी दिसेल तेव्हा, ती येथवर कोणी वाहिली आणि ती कोणासाठी आहे, हे दोन प्रश्न आपण अवश्य विचारावेत.