आजाऱ्याची शुश्रूषा : मदत वेळेवर मागा



‘आता उपचार नाहीत’ असे डॉक्टरांनी सांगितले की घर खचते. पण आजार बरा होत नसला तरी वेदना कमी करता येतात. या शुश्रूषेला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. कॅथलिक धर्मशिक्षण (परिच्छेद २२७९) तिला निःस्वार्थ प्रीतीचे कार्य मानते. वेदनाशमनासाठी डॉक्टरांनी दिलेले मॉर्फिन घेणे पाप नव्हे.

वांद्रे येथील शांती आवेदना सदन हे भारतातील पहिले हॉस्पिस १९८६ साली सुरू झाले. तेथे कॅन्सरच्या अखेरच्या टप्प्यातील रुग्णांची विनामूल्य सेवा होते. तेथे ठेवणे म्हणजे आईवडिलांना टाकणे नव्हे. घरीच ठेवायचे असल्यास टाटा मेमोरियलच्या पॅलिएटिव्ह केअर विभागात चौकशी करावी.

रात्रंदिवस जागणाऱ्या सुनेला, मुलीलाही विसावा हवा. शेजाऱ्यांनी दोन तास रुग्णाजवळ बसावे म्हणजे तिला झोप मिळेल, मिस्साला येता येईल.

रुग्णाभ्यंग संस्कार केवळ शेवटच्या घटकेसाठी नाही. रुग्ण शुद्धीवर असतानाच फादरांना बोलवा (याकोब ५:१४).

विचार करा : आपल्या शेजारी असे कोणते घर आहे? या आठवड्यात तेथे कोण जाईल?