व्हायकिंगांची गलबते

युरोप खंडाच्या उत्तरेस नॉर्वे, स्वीडन आणि डेन्मार्क हे तीन देश आहेत. तेथे समुद्र अरुंद खाड्यांच्या रूपाने जमिनीत दूरवर शिरलेला आहे. या खाड्यांच्या काठी सुमारे ११०० वर्षांपूर्वी जे दर्यावर्दी लोक राहत असत, त्यांस इतिहासात व्हायकिंग म्हणतात. इ. स. ७९३ साली त्यांनी इंग्लंडच्या किनाऱ्यावरील लिंडिसफार्न येथील मठ लुटला, आणि पुढे कित्येक पिढ्या त्यांच्या नावाचा धाक युरोपला वाटत राहिला. परंतु व्हायकिंग हे केवळ लुटारू नव्हते. ते शेती करीत, दूरदूरच्या देशांशी व्यापार करीत व नव्या भूमीवर वसाहती स्थापन करीत. कोलंबसाच्या आधी सुमारे ५०० वर्षे ते उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यास लागले होते. हे सारे ज्याच्या बळावर घडले, ते त्यांचे गलबत होय.

हे गलबत बांधण्याची रीत मोठी कौशल्याची होती. ओक वृक्षाचे खोड उभे फाडून त्याच्या फळ्या काढीत. छपरावर कौले जशी एकमेकांवर चढवितात, तशा या फळ्यांच्या कडा एकमेकींवर चढवून त्या लोखंडी खिळ्यांनी जोडीत. फटींत डांबरात भिजविलेली लोकर भरीत. अशी नौका हलकी असून लवचीकही असे. लाटेचा तडाखा बसला म्हणजे ती किंचित वाके, पण मोडत नसे. तिचा तळ उथळ असल्यामुळे ती खोल सागरात जशी चाले, तशीच नदीच्या थोड्या पाण्यातही चाले.

आता प्रश्न असा, की लाकडाची ही गलबते हजार वर्षे टिकली कशी? लाकूड उघड्यावर राहिले तर ते कुजते. परंतु जेथे हवा पोहोचत नाही, तेथे कुजण्याची क्रिया अतिशय मंदावते. काही गलबते मातीने राखली, तर काही पाण्याने.

मातीने राखलेली गलबते नॉर्वेमध्ये आहेत. थोर व्यक्ती मरण पावल्यास तिला गलबतात ठेवून त्यावर मातीची टेकडी रचण्याची चाल तेथे होती. ओसेबर्ग येथील शेतात अशी एक टेकडी होती. १९०४ साली ती खणली असता आत सुमारे २१.५ मीटर लांबीचे गलबत सापडले. इ. स. ८३४ साली ते पुरले गेले होते. त्यात दोन स्त्रियांचे अवशेष होते. त्यांच्याबरोबर एक कोरीव गाडा, बर्फावरून ओढावयाच्या घसरगाड्या, पलंग, स्वयंपाकाची भांडी आणि रेशमी वस्त्रांचे तुकडे ठेवलेले होते. टेकडीच्या भाराने गलबताचे सहस्रावधी तुकडे झाले होते. ते सारे जुळवून गलबत पुन्हा उभे करण्यात आले. त्यातील ९० टक्क्यांहून अधिक लाकूड मूळचेच आहे.

गोकस्टाड येथील गलबत याच्याही आधी, १८८० साली सापडले. ते २३ मीटरांहून अधिक लांब असून त्यास ३२ वल्ही होती. त्यातील सरदाराबरोबर घोडे व कुत्रे पुरले होते. पण आपणांस अधिक नवल वाटावे अशी गोष्ट म्हणजे, त्या थडग्यात मोराचे अवशेषही मिळाले. मोर हा मूळचा आपल्या भारतवर्षाकडील पक्षी. तो हातोहात व्यापार होत होत उत्तरेकडील त्या थंड देशी कसा पोहोचला असेल, याची कल्पनाच केलेली बरी!

ही दोन्ही गलबते नॉर्वेची राजधानी ऑस्लो येथे आहेत. तेथील जुने संग्रहालय २०२२ साली बंद झाले. त्याच्या जागी मोठे संग्रहालय उभारण्याचे काम हाती घेण्यात आले असून, ते २०२७ साली खुले करण्याचे योजिले आहे. २०२५ साली ओसेबर्गचे गलबत पोलादी सांगाड्यात बसवून नव्या दालनात नेण्यात आले. अंतर थोडेच, परंतु धक्का लागून जुने लाकूड दुभंगू नये म्हणून ते कूर्मगतीने हलवावे लागले.

पाण्याने राखलेली गलबते डेन्मार्कमधील रोस्किल्ड या नगरीत आहेत. सुमारे १०७० साली शत्रूच्या आरमारास वाट मिळू नये म्हणून तेथील लोकांनी खाडीच्या मुखाकडे दगडांनी भरलेली जुनी जहाजे बुडविली होती. १९६२ साली संशोधकांनी त्या जागेभोवती बांध घातला, आतील पाणी उपसले व चिखलातून जहाजे वर काढली. प्रथम ती सहा आहेत असे वाटले. पुढे कळले, की दुसरे व चौथे ही एकाच लांब युद्धनौकेची दोन अंगे आहेत! म्हणून १९६९ साली उघडलेल्या तेथील संग्रहालयात पाचच जहाजे आहेत. त्यांत मालवाहू नौका आहे, युद्धनौका आहे आणि कोळ्यांची होडीही आहे.

त्या लांब युद्धनौकेच्या लाकडातील वर्तुळे तपासली असता असे निश्चित झाले, की ती १०४२ साली आयर्लंडातील डब्लिन येथे बांधली गेली. संग्रहालयाच्या कारागिरांनी जुन्या पद्धतीची हत्यारे वापरून तिची प्रतिकृती तयार केली. २००७ साली सुमारे ६० नाविकांनी ती शीड व वल्ही यांच्या साह्याने डब्लिनपर्यंत नेली, आणि पुढील वर्षी परत आणली. पूर्वजांचे कौशल्य किती अस्सल होते, हे त्या प्रवासाने प्रत्यक्ष दाखविले.

डेन्मार्कमध्येच लाडबी येथे एक आगळे गलबत आहे. १९३५ साली ते सापडले तेव्हा त्याचे लाकूड केव्हाच नाहीसे झाले होते. उरला होता तो मातीत उमटलेला त्याचा ठसा, आणि फळ्या जोडणारे सुमारे २००० खिळे. संशोधकांनी तो ठसा जागचा हलविला नाही. त्यावर छत घालून पुन्हा टेकडी रचली. आज टेकडीच्या पोटात शिरून ते गलबत पाहता येते.

अशा वस्तू सापडल्या म्हणजे काम संपले, असे मात्र समजू नये. ओसेबर्गच्या अनेक लाकडी वस्तू सुकून आक्रसू नयेत म्हणून त्या काळी तुरटीच्या पाण्यात उकळण्यात आल्या. हाच त्या वेळचा उत्तम उपाय होता. परंतु काळाच्या ओघात त्या तुरटीपासून आम्ल निर्माण झाले व ते लाकूड आतून पोखरू लागले. वरून नक्षी जशीच्या तशी, आत मात्र भुसा, अशी त्या वस्तूंची स्थिती झाली. आज शास्त्रज्ञ त्यांवर उपाय शोधीत आहेत. रोस्किल्ड येथे २०१३ सालच्या डिसेंबरात वादळ झाले, तेव्हा खाडीचे पाणी संग्रहालयाच्या भिंतींना भिडले. ज्या समुद्राने जहाजे राखली, त्याच्यापासूनच आता ती राखावयाची आहेत.

हजार वर्षे मातीने व पाण्याने केलेले राखणदारीचे काम आता माणसाकडे आले आहे. ते एका पिढीत पुरे होणारे नव्हे. मागील पिढीचा उपाय पुढील पिढीने तपासावा, उणे असेल ते भरून काढावे आणि ठेवा पुढच्यांच्या स्वाधीन करावा. वारसा टिकतो तो असा.

शब्दार्थ : दर्यावर्दी – समुद्रप्रवासात तरबेज. सहस्रावधी – हजारो. कूर्मगती – कासवाची चाल. प्रतिकृती – मूळ वस्तूसारखी केलेली दुसरी वस्तू. आक्रसणे – आखडून लहान होणे.

स्वाध्याय
१. व्हायकिंगांचे गलबत लाटांच्या तडाख्याने का मोडत नसे?
२. मातीत व पाण्यात गलबते कशामुळे टिकून राहिली?
३. लाडबी येथील गलबत इतर गलबतांहून वेगळे कसे, ते सांगा.
४. ‘वरून नक्षी, आत भुसा’ असे कोणत्या वस्तूंविषयी म्हटले आहे? तसे का झाले?
५. तुमच्या घरी किंवा गावी असलेली एक जुनी वस्तू निवडा. तिला कशापासून धोका आहे व ती कशी जपता येईल, याविषयी दहा ओळी लिहा.