कवडी

आपल्या भाषेनें कवडीस फार हिणविलें आहे. टाकाऊ वस्तूस आपण ‘कवडीमोल’ म्हणतों, कृपणास ‘कवडीचुंबक’, आणि निर्धनापाशीं ‘फुटकी कवडीहि’ नसते. तिची खरी योग्यता काय, तें पाहूं.

कवडी म्हणजे समुद्रांतील एका लहान गोगलगाईचें घर. हा प्राणी हिंदी व प्रशांत महासागरांच्या उथळ पाण्यांत, खडकांवर व प्रवाळांवर राहतो आणि शेवाळ खातो. त्याच्या अंगाची पातळ मांसल घडी कवचावर दोन्ही बाजूंनीं पसरते. तीच त्यावर थर चढविते व तें झांकून ठेवते. म्हणूनच कवडी घासल्यावांचून गुळगुळीत असते. लहानपणीं कवच पातळ व पिळदार असतें; पुढें त्याची कड आंत वळते, तींत दांते येतात आणि फट अरुंद होते. मादी अंडीं घालून त्यांवर बसून राहते.

लिनीअस या शास्त्रज्ञानें १७५८ सालीं हिला जें नांव दिलें, त्यांतील ‘मोनेटा’ या लॅटिन शब्दाचा अर्थ नाणें असा आहे. तें यथार्थच होय. कवडी झिजत नाहीं, मोजण्यास सोपी, आणि तिची नक्कल करणें कठीण. मालदीव बेटांतून ती गलबतांनीं बंगालांत येई. तेथें ४ कवड्यांचा गंडा, २० गंड्यांचा पण, १६ पणांचा काहण असा हिशेब असे. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धांत सिल्हेट जिल्ह्याचा सरकारी वसूल कवड्यांतच भरत आणि सुमारें ४ काहणांस एक रुपया धरीत. एका रुपयाच्या कवड्या किती, तें विद्यार्थ्यांनीं स्वतःच काढावें.

परंतु याच कवड्या डच व इंग्रज व्यापाऱ्यांनीं युरोपमार्गें पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर नेल्या आणि त्यांच्या मोबदल्यांत माणसें विकत घेतलीं. ज्या वस्तूस आपण निर्मोल्य मानतों, तिच्या राशीवर आईबापांपासून मुलें तोडलीं गेलीं. दोष कवडीचा नव्हे. जिवाची किंमत ठरविणाऱ्या लोभाचा होय.

चांदीपहून अर्नाळ्याच्या किनाऱ्यास जाणाऱ्या मुलांनीं शंखशिंपले अवश्य पाहावे. मात्र उचललेल्या शंखांत जीव दिसला, तर तो जेथें सांपडला तेथेंच हलकेच ठेवावा. पालकांनींहि मुलांस हीच संवय लावावी. ज्याला लहान जिवाची किंमत कळली, तो माणसाला कधींहि कवडीमोल समजणार नाहीं.