द्राक्षवेलीवरील केवडा : एक निरीक्षण-पाठ

(इयत्ता सहावी व सातवी. विषय : सामान्य विज्ञान)



द्राक्षबागांच्या गावांतून आपल्या शाळांत येणाऱ्या मुलांस केवडा हा रोग नवा नाही. घरी ती त्यास ‘डावणी’ म्हणतात. ऑक्टोबरच्या फळछाटणीनंतर वेलींना फूट येते, घड दिसू लागतात आणि नेमका तेव्हाच अवेळी पाऊस पडला, तर वर्षाचे उत्पन्न धोक्यात येते. घरातील ही चिंता मुले पाहत असतात. म्हणून हा पाठ पुस्तकावरून न घेता पान हाती घेऊन शिकवावा.

आरंभी माझीच एक चूक सांगतो. मी नवशिका शिक्षक असताना एका मुलाने वडिलांच्या बागेतील पान वर्गात आणले. पांढरे काही दिसताच, पान उलटसुलट न पाहता, ‘ही भुरी’ असे सांगून मी मोकळा झालो. गुरुजींनी भुरी सांगितली म्हणून वडिलांनी गंधकाची भुकटी धुरळली. गंधक भुरीवर चालते, केवड्यावर नव्हे. त्यांचे बरेचसे घड वाया गेले. ते गृहस्थ मला एका शब्दाने बोलले नाहीत. मुलगा मात्र पुढे वर्गात पाने आणीनासा झाला. आधी पाहावे, मग नाव द्यावे, हाच या पाठाचा उद्देश होय.

१. निरीक्षण
रोगट पाने शेतकऱ्यास विचारून, औषध न फवारलेल्या वेलीवरूनच घ्यावीत. पुढील भेद विद्यार्थ्यांकडूनच वदवून घ्यावेत.
केवडा : पानाच्या वरच्या बाजूस तेलाचा थेंब पडल्यासारखे फिकट पिवळे डाग; त्याच डागांच्या खाली, पानाच्या पाठीवर, कापसासारखी पांढरी वाढ.
भुरी : पानाच्या दोन्ही बाजूंस राखेसारखी भुकटी, बोटाने पुसली असता निघते.

२. विवेचन
केवड्याच्या सूक्ष्म जीवाचे शास्त्रीय नाव प्लाझ्मोपारा व्हिटिकोला. पूर्वीच्या पुस्तकांत त्याची गणना बुरशीत होत असे. त्याच्या पेशीभित्तिकेत सेल्युलोज असते व त्याचे नाते तपकिरी शैवालांशी अधिक जवळचे आहे. म्हणून आज त्यास खऱ्या बुरशीहून निराळ्या गटात घालतात. पाण्याशी असलेले हे नाते मुलांना अवश्य समजावून द्यावे, कारण रोगाचे सारे मर्म त्यातच आहे.

दमट रात्री, अंधारात, पानाच्या पाठीवर बीजाणूंच्या पिशव्या तयार होतात. वारा व पावसाचे तुषार त्या दुसऱ्या पानांवर नेतात. पान ओले असेल, तर पिशवी फुटून आतील चलबीजाणू बाहेर पडतात. प्रत्येकास दोन सूक्ष्म शेपट्या असतात. त्यांच्या साहाय्याने ते पाण्याच्या पातळ थरातून पोहत पर्णरंध्रापाशी पोहोचतात व तेथून आत शिरतात. द्राक्षाच्या पानाची रंध्रे खालच्या बाजूस असतात. म्हणून पांढरी वाढही तेथेच दिसते. अनुकूल हवेत पाच-सात दिवसांनी वर तेलकट डाग उमटतो. म्हणजे डाग आज दिसला, तरी शत्रू घरात आठवड्यापूर्वीच शिरलेला असतो.

कोवळ्या मण्यांनाही रंध्रे असतात. मणी वाढल्यावर ती निकामी होतात. म्हणून फुलोरा व बारीक मणी या काळात घडास धोका अधिक असतो.

३. प्रयोग
पिवळे डाग असलेले, परंतु पांढरी वाढ न दिसणारे पान घ्यावे. ते ओल्या कापसासह प्लास्टिकच्या पिशवीत घालून रात्रभर अंधाऱ्या कपाटात ठेवावे. दुसरे तसेच पान कोरडे ठेवावे. केवडा असल्यास सकाळी पहिल्या पानाच्या पाठीवर पांढरी वाढ बहुधा आढळते. दोन पानांत फरक का पडला, हे मुलांना विचारावे. शेवटी पाने जाळून टाकावीत व सर्वांनी साबणाने हात धुवावेत.

४. थोडा इतिहास
हा रोग मूळचा उत्तर अमेरिकेचा. १८७८ मध्ये तो फ्रान्समध्ये आढळला व तेथील बागा उजाड होऊ लागल्या. १८८२ मध्ये बोर्डो येथील प्राध्यापक मिलार्दे यांना रस्त्याकडेच्या काही वेलींची पाने टिकलेली दिसली. वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून बागाइतदारांनी त्यांवर मोरचूद व चुना शिंपडला होता. मिलार्दे यांनी त्यावर प्रयोग करून १८८५ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. हेच बोर्डो मिश्रण. पुष्कळांनी ती वेल पाहिली असेल, ‘असे का?’ असे एकाने विचारले.

५. शिक्षकांस सूचना
औषध शिक्षकाने सुचवू नये. ते काम कृषी अधिकाऱ्यांचे. पुण्याजवळ मांजरी येथे १९९७ पासून राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रही आहे. पडलेली रोगट पाने वेचून नष्ट करणे व गर्दीची फूट विरळून हवा खेळती ठेवणे, हे उपाय मात्र मुलांना सांगावेत.

६. स्वाध्याय
(१) केवडा व भुरी यांतील भेद पानाचे चित्र काढून दाखवा.
(२) पाऊस नसतानाही दाट दवामुळे केवडा का वाढू शकतो?
(३) घरच्या वा शेजारच्या बागेत छाटणीनंतर महिनाभर रोज सकाळी पाने ओली होती की कोरडी, याची नोंद ठेवा.

मुलाने आणलेले पान कोणतेही असो, ते आधी उलटून पाहावे. उत्तर त्याच दिवशी देता आले नाही, तरी कमीपणा नाही.