आधी कार्डाची पाठ पाहा

जुनं चित्राचं पोस्टकार्ड हाती आलं की आपण चित्र बघतो, चारजणांना दाखवतो आणि फ्रेम करायला नेतो. माझं कळकळीचं सांगणं आहे की नेण्याआधी ते उलटं करा. पाठीवर काय लिहिलंय ते नीट वाचा, तिकीट आणि शिक्का पाहा, दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवा. आमच्या घरच्या कार्डाची पाठ आता हार्डबोर्डाला कायमची चिकटली आहे, आणि तिच्यासोबत आजोबांच्या आयुष्यातलं एक वर्ष अडकून पडलं आहे.

कार्ड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलचं. समुद्राकडून टिपलेलं चित्र, मधे मोठा घुमट, उजवीकडे गेटवे ऑफ इंडिया. आजोबांनी ते मुंबईहून औरंगाबादच्या औरंगपुऱ्यातल्या घरी थोरल्या भावाला पाठवलं होतं. आजीच्या पंचाहत्तरीला काकांनी मोठ्या हौसेनं ते फ्रेम करून घेतलं. दुकानदाराने कार्ड फ्रेमच्या मापात बसावं म्हणून चारही बाजूंची पांढरी कड कापली, मागे भरपूर गोंद लावला आणि वर काच दाबून बसवली. कडेवर प्रकाशकाचं नाव आणि चित्राची ओळ छापलेली असते, ती तिथेच गेली. मजकूर, पत्ता, तिकीट आणि शिक्का गोंदाखाली गेले.

घरात आता दोन मतं आहेत. आत्या म्हणते, कार्ड रझाकारांच्या धामधुमीत आलं. त्या काळात निजामाच्या राज्यातून अनेक माणसं सीमेपलीकडे मनमाड, सोलापूरकडे गेली होती. आजोबाही तसेच गेले आणि मुंबईला पोहोचल्यावर खुशालीचं हे कार्ड टाकलं, असं तिचं म्हणणं. ते मोठ्याने वाचून दाखवलं तेव्हा आजीने देवापुढे साखर ठेवली, हे तिला आठवतं. काका म्हणतात, छे, पोलिस ॲक्शन होऊन गेल्यावर आजोबा कापडाच्या खरेदीला मुंबईला गेले होते, तेव्हाचं ते. म्हणजे कार्ड सप्टेंबर १९४८च्या त्या कारवाईआधीचं की नंतरचं, एवढाच प्रश्न. पण मराठवाड्यातल्या घराला तो एवढासा नाही. एका उत्तरात आजोबा जीव वाचवून परमुलखात गेलेले आहेत, दुसऱ्यात व्यापाराला.

चित्रावरून काही कळतं का, ते मी शोधलं. हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झालं.    गेटवेची पायाभरणी ३१ मार्च १९१३ची आणि उद्‌घाटन ४ डिसेंबर १९२४चं. म्हणजे ज्या कार्डात गेटवे पुरा उभा आहे ते हॉटेलच्या पहिल्या वर्षांतलं असूच शकत नाही. 'ताज, १९०३, अस्सल' म्हणून कुणी विकायला आणलं आणि चित्रात गेटवे दिसला, तर व्यवहार तिथेच थांबवा. गेटवेसमोरच्या बागेतला शिवरायांचा अश्वारूढ पुतळा २६ जानेवारी १९६१चा. हॉटेलशेजारचा उंच टॉवर १९७३चा, त्याआधी तिथे ग्रीन्स हॉटेल होतं. आमच्या चित्रात पुतळाही नाही, टॉवरही नाही. हाती काय आलं? १९२४ ते १९६१. आत्या आणि काका दोघेही त्यात आरामात बसतात. शिवाय प्रकाशक एकच चित्र वर्षानुवर्षं छापून विकत, त्यामुळे चित्राचं वय म्हणजे कार्ड टाकल्याचं वय नव्हे.

ते वय पाठ सांगते. सातव्या एडवर्डचं डोकं असलेली तिकिटं आपल्याकडे १९०२पासूनची, पाचव्या जॉर्जची १९११पासूनची, सहाव्या जॉर्जची १९३७पासूनची. स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट २१ नोव्हेंबर १९४७चं, 'जय हिंद' लिहिलेलं. १५ ऑगस्ट १९४९ला प्राचीन शिल्पांची आणि वास्तूंची मालिका आली, तिच्यात आपला अजिंठाही होता. किंमत नव्या पैशांत असेल तर कार्ड एप्रिल १९५७नंतरचं. पिनकोडाचे चौकोन असतील तर ऑगस्ट १९७२नंतरचं. मात्र जॉर्जची तिकिटं स्वातंत्र्यानंतरही काही काळ चालली, म्हणून नुसत्या तिकिटावर विसंबू नका. खरी साक्ष टपालाच्या गोल शिक्क्याची. त्यातला एखादा आकडा जरी उमटला असेल तरी भिंगाखाली, तिरक्या उजेडात, धीराने पाहा. पाठीवर पत्त्यासाठी आणि मजकुरासाठी मधे रेघ आहे का, तेही बघा. ब्रिटनने अशी विभागलेली पाठ १९०२मध्ये सुरू केली. त्याआधी पाठीवर फक्त पत्ता लिहायची मुभा होती, त्यामुळे मजकूर चित्राच्या कडेला दाटीने लिहिलेला सापडतो. तो कुरूप दिसतो म्हणून कुणी कापायला सांगितलं तर ऐकू नका.

फ्रेम उघडून मी कार्ड मुंबईत कागदाचं संवर्धन करणाऱ्या एका जाणकाराला दाखवलं. पाण्याने गोंद सुटेल, पण शाईच्या पेनाने लिहिलेला मजकूरही पाण्याने पसरेल, असं त्यांनी सांगितलं. मार्ग एकच, मागून हार्डबोर्ड पापुद्रा-पापुद्र्याने खरवडत यायचं. तरीही शेवटच्या थरात अक्षरं गोंदाबरोबर निघून येण्याची भीती आहेच. आम्ही अजून होकार दिलेला नाही. घरी चाकूने किंवा वाफेवर धरून हा प्रयोग कुणीही करू नये, हे मात्र मी निक्षून सांगतो.

लॅमिनेशन तर गोंदाहून वाईट. तापलेलं प्लास्टिक कागदात बसतं आणि मग ते काढणं जवळपास अशक्य होतं. सेलोटेप पिवळी पडते आणि तिचा डाग कागदात मुरतो. चिकट पानांच्या अल्बमचीही तीच गत. काच थेट चित्राला टेकली तर पावसाळ्यात ओल धरते आणि चित्र काचेला चिकटतं, म्हणून मधे जाड कागदाची चौकट हवी. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर कार्डं वाकतात आणि ठिसूळ होतात. कसर आणि वाळवीचं सांगायलाच नको. पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात कार्ड घालावं, पाकीट पुठ्ठ्याच्या खोक्यात आणि खोकं कपाटाच्या मधल्या खणात ठेवावं. भिंतीवर लावायची हौस असेल तर चांगली प्रत काढून ती लावा. ६०० डीपीआयवर स्कॅन केलेली प्रत भिंतीवर मुळाइतकीच शोभते, उन्हाने उडाली तर दुसरी काढता येते.

औरंगपुऱ्यात पुस्तकांची दुकानं पूर्वापार आहेत. जुन्या पुस्तकांत खूण म्हणून ठेवलेली अशी कार्डं आजही निघतात. घरातलं पुस्तक रद्दीत देण्याआधी पानं झटकून बघा. कार्ड निघालं तर ते घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला दाखवा आणि ते जे सांगतील ते मोबाइलवर रेकॉर्ड करा. ती माहिती कार्डावर लिहू नका, वेगळ्या कागदावर लिहून पाकिटात ठेवा.

आणि मूळ कार्डच फ्रेम करायचं ठरलं तर दुकानदाराला तोंडी सांगून भागत नाही, कारण काम आतला कारागीर करतो. पावतीवरच लिहून घ्या: कापू नये, चिकटवू नये, लॅमिनेट करू नये, चारही कोपरे कागदी खोबणीत अडकवावेत.